पुरणपोळी खा, पण घड्याळाकडे बघून

होळी जवळ आली की मोबाइलवर दोन प्रकारचे संदेश फिरू लागतात. एक, नैसर्गिक रंग कसे करावेत. दोन, ‘हेल्दी’ पुरणपोळी कशी करावी. त्यात कणकेऐवजी ज्वारी-नाचणी येते, गुळाऐवजी खजूर येतो आणि तुपाच्या जागी अर्थातच काहीच येत नाही. माझं मत असं की, वर्षातून मोजक्या वेळा होणारा हा बेत आहे तसा राहू द्यावा. पोळी मऊ असावी, पुरण काठापर्यंत गेलेलं असावं आणि वरून तूपही असावं. बिघडलेली पुरणपोळी तीन खाण्यापेक्षा चांगली एक खाणं केव्हाही शहाणपणाचं.

मात्र गुळाबद्दलचा एक गैरसमज आधी दूर करायला हवा. ‘पुरण गुळाचं आहे, मला चालतं’ हे वाक्य मधुमेह असलेल्या माणसाच्या तोंडी असलं की ताटात तिसरी पोळी पडतेच. गुळातही मुख्यतः साखरच असते. लोह आणि इतर खनिजं थोडी जास्त असतात, पण रक्तातल्या साखरेला त्याचं काही सोयरसुतक नसतं. घरगुती माप बघा. डाळीला बरोबरीचा गूळ घातला, तर मध्यम आकाराच्या एका पोळीत साधारण २० ते २५ ग्रॅम गूळ जातो. म्हणजे चार-पाच चहाचे चमचे साखर. जागतिक आरोग्य संघटनेच्या मर्यादेप्रमाणे २००० कॅलरींचा आहार असलेल्या माणसाने दिवसभरात वरून घातलेली साखर ५० ग्रॅमच्या आत ठेवावी. ती मर्यादा दोन पोळ्यांतच गाठली जाते. मग त्याच ताटात श्रीखंड आणि जिलेबी कशाला? एका जेवणाला एक गोड पदार्थ, आणि तो मन लावून केलेला, एवढं पुरे.

पण या जेवणाचा खरा धोका मला गोडात दिसत नाही. तो उशिरात आहे. होळीचं जेवण रात्रीचं. संध्याकाळी पुरण शिजतं, वाटलं जातं, येळवणीची आमटी उकळते, भजी-कुरडया तळल्या जातात. सोसायटीची होळी पेटायची असते, नैवेद्य व्हायचा असतो, ‘पाहुणे एवढ्यात येतील’ असतं. पानं मांडायला साडेनऊ-दहा वाजतात. घरातल्या आजोबांनी मात्र रोजच्या सवयीने आठ वाजता जेवणाआधीची गोळी घेतलेली असते.

मधुमेहाची सगळी औषधं सारखी नसतात. नुसत्या मेटफॉर्मिनने साखर एकदम खाली जाणं विरळा. पण ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड यांसारख्या गोळ्या स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतात, मग पोटात अन्न असो वा नसो. जेवणाआधी घ्यायच्या इन्सुलिनचंही तेच. साखर ७०च्या खाली गेली की घाम फुटतो, हात थरथरतात, छातीत धडधडतं, माणूस चिडतो किंवा गोंधळल्यासारखा बोलतो. सणाच्या गडबडीत घरचे म्हणतात, ‘दमलेत, जरा पडू द्या.’ इथेच घात होतो. असा माणूस शुद्धीवर असेल तर तीन चहाचे चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच द्यावी आणि पंधरा मिनिटांनी साखर पुन्हा तपासावी. समोर पुरणपोळी असली तरी ती देऊ नये, कारण तूप आणि डाळीमुळे तिच्यातली साखर रक्तात पोचायला वेळ लागतो. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही न घालता थेट रुग्णालय गाठावं. आणि जेवायला उशीर होणार हे आधीच ठाऊक असेल तर गोळी कधी घ्यायची, हे दोन दिवस आधी आपल्या डॉक्टरांना विचारून ठेवावं. ‘आज गोड खाणार आहे’ म्हणून मनानेच एक जास्तीची गोळी घेणं तर फारच वाईट.

‘भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदे’च्या २०२३मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे. तेव्हा हा प्रश्न फक्त पंगतीत बसलेल्यांचा नाही. पंगत वाढणाऱ्या बाईलाही मधुमेह असू शकतो. नैवेद्याआधी चव घ्यायची नाही, म्हणून ती संध्याकाळपासून उपाशी. तीन-चार तास गॅससमोर उभी. सगळ्यांना गरम पोळी मिळावी म्हणून जेवायला शेवटी. तिची गोळी मात्र वेळेवर झालेली असते, किंवा गडबडीत विसरलेली तरी असते. याला आपण कौतुकाने ‘घरच्या अन्नपूर्णेचं समाधान’ म्हणतो. मला ते पटत नाही. देवघरातल्या नैवेद्याला दोन पोळ्या पुरतात. त्या दिवेलागणीलाच करून ताट दाखवावं आणि गोळी घेणाऱ्यांनी तिथूनच जेवायला सुरुवात करावी. पुरणयंत्र फिरवायला आणि तव्यावरची पोळी उलटायला घरातल्या पुरुषांचे हात चालतात. यात शास्त्र कुठेही आडवं येत नाही, आडवी येते ती सवय.

वाढण्याच्या क्रमाचाही थोडा उपयोग होतो. अमेरिकेत २०१५मध्ये टाइप-२ मधुमेहाच्या ११ जणांवर एक छोटा अभ्यास झाला. त्यांनी एकदा पाव-रस आधी खाल्ला, एकदा भाज्या आणि चिकन आधी. भाज्या-चिकन आधी खाल्लं तेव्हा जेवणानंतर तासाभराची साखर सुमारे ३७ टक्के कमी भरली. अकरा माणसं म्हणजे फार नव्हेत, तरी आपल्या पानात कोशिंबीर आणि उसळ असतेच. ती आधी खावी, मग पोळीकडे वळावं. तळणाच्या तेलाबद्दल एवढंच की, लहान कढई घ्यावी, म्हणजे मुळात तेल उरतच नाही.

राहता राहिलं उरलेलं अन्न. मार्चमधल्या रात्री आपल्याकडे चांगल्याच उबदार असतात. खोल पातेल्यातला भात रात्रभर ओट्यावर राहिला तर शिजतानाही तग धरलेले बॅसिलस सेरियसचे बीजाणू त्यात वाढतात आणि विष तयार करतात. सकाळी फोडणी दिली, वाफ आणली तरी ते विष नष्ट होत नाही. फोडणीच्या भाताने झालेल्या उलट्यांचं खापर मग आदल्या दिवशीच्या तुपावर फुटतं! शिजवल्यापासून दोन तासांच्या आत भात परातीत पसरून निववावा आणि उथळ डब्यात भरून फ्रिजमध्ये ठेवावा. आमटीही तशीच छोट्या भांड्यांत काढून ठेवावी. दुसऱ्या दिवशीची आमटी जास्त मुरते हे खरं, पण फ्रिजमध्येही मुरतेच. खाताना ती नुसती कोमट न करता खळखळून उकळावी. पुरण उरलं तर सगळ्या पोळ्या रात्रीच लाटून संपवायचा हट्ट नको. पुरण डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवलं की धुळवडीच्या दुपारी ताज्या पोळ्या होतात, आणि त्या लाटायला रात्री जेवून नीट झोपलेलं कुणीतरी घरात असतं.