चौकशीविना मिटलेली फाईल

बंगालच्या दुष्काळाच्या चौकशीसाठी १९४४ मध्ये सर जॉन वुडहेड यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला गेला, तेव्हा महायुद्ध सुरू होते आणि राज्य परक्यांचे होते. आयोगाने सुमारे १५ लाख मृत्यू मान्य केले, बंगाल सरकारवर ठपका ठेवला आणि लंडनला बऱ्यापैकी सांभाळून घेतले. तरीही त्या दुष्काळाच्या अभ्यासकाला आजही त्या अहवालाला टाळून पुढे जाता येत नाही.

कोविडबाबत स्वतंत्र भारताने राष्ट्रीय पातळीवर असा एकही आयोग नेमलेला नाही. २४ मार्च २०२० रोजी रात्री आठ वाजता टाळेबंदी जाहीर झाली आणि चार तासांत ती लागू झाली. स्थलांतरित मजुरांचे काय होईल, हा प्रश्न त्यापूर्वी कोणी विचारला होता का? विचारला असेल, तर कोणत्या कागदावर? त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये, वाटेत मरण पावलेल्या मजुरांची माहितीच ठेवलेली नसल्याने भरपाईचा प्रश्न उद्भवत नाही, असे उत्तर लोकसभेत देण्यात आले. पुढच्या जुलैत, ऑक्सिजनअभावी मृत्यू झाल्याचे राज्यांनी स्वतंत्रपणे कळवलेले नाही, असे राज्यसभेला सांगण्यात आले. अशी उत्तरे तयार करण्याच्या पद्धतीशी माझा जुना परिचय आहे. प्रत्येक शब्द खरा असतो. प्रश्न तेवढा अनुत्तरित राहतो. ऑक्सिजनअभावी झालेल्या मृत्यूंची पडताळणी करा, असे संसदीय स्थायी समितीलाही २०२२ मध्ये सुचवावे लागले.

जन्म-मृत्यू नोंदणीचे आकडे तर सरकारचेच आहेत. २०२० मध्ये सुमारे ८१ लाख मृत्यू नोंदले गेले, २०२१ मध्ये १ कोटी २ लाख. २०२१ ची आकडेवारी प्रसिद्ध व्हायला मे २०२५ उजाडला. वाढलेल्या नोंदींपैकी काही सुधारलेल्या नोंदणीमुळे असतील. किती, हे ठरवण्याचे काम तज्ज्ञांच्या आयोगाचे आहे, प्रवक्त्यांचे नव्हे.

चौकशीने अधिकाऱ्यांचे मनोधैर्य खचेल, असा आक्षेप घेतला जातो. आपत्ती व्यवस्थापन कायद्याने सद्भावनेने केलेल्या कृतीला संरक्षण दिलेले आहे आणि ते असलेच पाहिजे. अपुऱ्या माहितीवर रातोरात निर्णय घेणाऱ्याला तुरुंगाची भीती दाखवू नये. पण संरक्षण खटल्यापासून असते, प्रश्नांपासून नव्हे. उलट, फाईलवर प्रतिकूल टिपणी लिहिण्याचे धाडस ज्याने केले असेल, त्याला चौकशीचा आधारच वाटेल.

कर्नाटकात २०२३ मध्ये सत्ताबदलानंतर कोविडकाळातील खरेदीच्या चौकशीसाठी निवृत्त न्यायमूर्तींचा आयोग नेमला गेला. मात्र विरोधक सत्तेत आल्यावरच चौकशी होणार असेल, तर तिच्याकडे सूड म्हणूनच पाहिले जाईल. ब्रिटनमध्ये सत्तारूढ पक्षानेच आपल्या कारभाराची वैधानिक चौकशी सुरू केली आणि माजी पंतप्रधानांना शपथेवर उत्तरे द्यावी लागली. आपल्याकडे १९५२ चा चौकशी आयोग कायदा उपलब्ध आहे. केंद्राने त्याखाली आयोग नेमावा, राज्यांनाही त्याच्या कक्षेत घ्यावे आणि तोवर त्या दोन वर्षांतील एकही फाईल नष्ट करू नये, असा लेखी आदेश काढावा. शेवटच्या गोष्टीला तर संसदेचीही गरज नाही.