रमाईला मखरातून खाली उतरवा!

रमाई स्मृतिदिनासाठी आम्ही जेऊरच्या तरुणांकडून कथा मागवल्या. आलेल्या जवळजवळ प्रत्येक कथेत एकच रमाई होती. गोवऱ्या थापणारी, लेकरं गमावणारी, मुकाट सोसणारी. ऐकताना डोळे पाणावले, पण घरी जाताना त्यातली एकही रमाई सोबत आली नाही. कारण ती माणूस नव्हती, मूर्ती होती. मूर्तीला दुःख असतं, मत नसतं.

खरी रमाई अशी होती का? तिने बाबासाहेबांकडे पंढरपूरला जायचा हट्ट धरला होता. जेऊरहून कुर्डुवाडीला गाडी बदलली की आपण जिथे पोहोचतो, तेच पंढरपूर. जिथे आपल्या माणसाला दाराबाहेर थांबावं लागतं तिथे जायचं नाही, आपण वेगळं पंढरपूर उभारू, असं बाबासाहेबांनी सांगितलं. बायको मागते, नवरा नकार देतो आणि दोघांचंही बरोबर असतं. संसार म्हणतात तो हाच!

आमचेच काही कार्यकर्ते म्हणतात, हा प्रसंग गाळा, रमाई विठ्ठलभक्त दिसते. अरे, रमाई गेली २७ मे १९३५ ला. येवल्याची घोषणा झाली त्याच वर्षी १३ ऑक्टोबरला आणि दीक्षा १९५६ ला. १९५६ ची फूटपट्टी तिला लावणारे आपण कोण? तिची श्रद्धा लपवणं म्हणजे तिलाच लपवणं.

बाबासाहेबांनी तरी कुठे लपवलं? १९२६ साली राजरत्न गेला तेव्हा दत्तोबा पवारांना लिहिलेल्या पत्रात ते उन्मळून पडलेले दिसतात. महामानव रडला म्हणून लहान झाला नाही.

बाबुराव बागुलांची ‘आई’ वाचा. वर्गात मातृत्वाची कविता शिकवली जाते आणि वस्तीत विधवा आई स्वतःच्या देहाची भूक घेऊन जगत असते. बागुलांनी तिला देवी केलं नाही, म्हणून ती खरी वाटते. त्यागी पत्नी, पवित्र विधवा हे साचे मनुवादी संस्कृतीचे आहेत. त्यात आपल्या आयांना निळा रंग देऊन बसवलं, तर साचा बदलत नाही.

म्हणून लिहिणाऱ्यांनो, तुमच्या रमाईला रागावू द्या. घरखर्चाचे पैसे मोजू द्या. चार लेकरं गेल्यावर नवऱ्याला जाब विचारू द्या. ती भांडेल तेव्हाच तिचं सोबत राहणं वाचकाला कळेल. नाहीतर पुढच्या २७ मे ला पुन्हा हार घालू आणि तिला न ओळखताच घरी जाऊ.

जयभीम! नमो बुद्धाय!