लक्ष्य खोऱ्याचे हवे

कंपन्यांच्या वार्षिक अहवालात पाणीबचतीचे पान आता हमखास असते. त्यावर ठळकपणे मिरवणारा आकडा बहुधा एकच: उलाढालीच्या दर रुपयामागे पाणी किती कमी लागले. उलाढाल वाढली की हा आकडा सुधारतो, मग नदीतला उपसा वाढलेला का असेना.

विज्ञानाधारित निसर्ग-लक्ष्यांची पद्धत इथेच वेगळी वाट धरते. 'सायन्स बेस्ड टार्गेट्स नेटवर्क'ने मे २०२३मध्ये गोडे पाणी आणि जमीन यांच्यासाठी ती पहिल्यांदा मांडली. कार्बनचा एक टन पुण्यात वाचला काय आणि पॅरिसमध्ये वाचला काय, हिशेब सारखाच. पाण्याचे तसे नाही; कोकणात वाचवलेले पाणी पैठणच्या शेतकऱ्याच्या कामाचे नाही. म्हणून पहिला प्रश्न खोऱ्याचा: या खोऱ्याला किती उपसा झेपतो, आणि त्या मर्यादेत राहण्यासाठी आपण किती कमी उचलायचे? २०२४मध्ये तीन कंपन्यांनी अशी तपासून घेतलेली लक्ष्ये प्रथमच जाहीर केली. केरिंग या फ्रेंच फॅशन समूहाने इटलीतले आर्नो खोरे घेतले, होल्सिम या सिमेंट कंपनीने मेक्सिकोतले मोक्तेसुमा, आणि जीएसके या औषध कंपनीने ऊर्ध्व गोदावरी, कारण या कंपनीचा कारखाना नाशिकला आहे.

हे तेच खोरे, जिथे तुटीच्या वर्षी जायकवाडी धरणासाठी पाणी सोडण्यावरून नाशिक-नगर आणि मराठवाडा समोरासमोर उभे राहतात. राज्याच्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाने २०१४मध्ये समन्यायी वाटपाचा आदेश दिला, तरी भांडण मिटलेले नाही. त्या भांडणात धरणे आणि शेती यांचीच चर्चा होते. कारखान्यांनीही आपला उपसा खोऱ्याच्या हिशेबात मांडलाच पाहिजे.

सुरुवातीला मोठा सल्लागार लागत नाही. सगळ्या कारखान्यांना एकदम हात घालू नये. सर्वांत तहानलेल्या खोऱ्यातला एक निवडावा. एमआयडीसीची पाणीबिले, बोअरच्या मीटरची नोंद, टँकरच्या पावत्या महिन्यावार जुळवाव्यात. महिन्यावार यासाठी, की वार्षिक सरासरीत मे महिना लपतो. शेजारी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचा अहवाल ठेवावा: आपले पाणलोट क्षेत्र सुरक्षित आहे की अतिशोषित, ते तिथे छापलेलेच असते. मग खरेदी खात्याला विचारावे, साखर, दूध, कापूस कोणत्या तालुक्यातून येतो? अन्नप्रक्रिया किंवा कापड उद्योगात खरा पाणीवापर बहुतेकदा फाटकाबाहेर, शेतात असतो, आणि पुरवठादाराचे नाव माहीत असले तरी गाव माहीत नसते. हे कळल्यावरच लक्ष्य ठरवावे, तेही टक्केवारीच्या आडोशाने नव्हे, तर अमुक सालापर्यंत इतके घनमीटर, असे. दुसऱ्या जिल्ह्यात झाडे लावून ते भरून काढता येणार नाही, हेही त्याच कागदावर लिहावे.

सेबीने बाजारमूल्यानुसार पहिल्या १,००० सूचिबद्ध कंपन्यांना शाश्वततेचा अहवाल सक्तीचा केला आहे. पाणीटंचाईच्या भागातून किती पाणी उचलले, हा रकाना मात्र त्यात ऐच्छिक भागात टाकलेला आहे. तो सक्तीचा करायला नवा कायदा नको, एक परिपत्रक पुरेल. ते सेबीने याच वर्षी काढावे.