विश्लेषण : पायाच्या दुखण्यावर मोबाइलमधील सल्ला किती भरवशाचा?

पायाला भोवरी झाली, टाचांना भेगा पडल्या किंवा तळव्यांची आग होऊ लागली, की अनेक जण डॉक्टरांच्या आधी मोबाइलला विचारतात. उत्तरही लगेच मिळते. मात्र त्यातले काही सल्ले मधुमेहींसाठी घातक ठरू शकतात. असे का होते आणि सल्ल्याची पारख कशी करावी, याविषयी...

मधुमेहींचा पाय वेगळा का?

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद (आयसीएमआर) आणि सहयोगी संस्थांच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख मधुमेही आहेत. रक्तातील साखर दीर्घकाळ वाढलेली राहिली, की पायांची संवेदना आणि रक्तपुरवठा कमी होऊ शकतो. मग खडा टोचला किंवा चप्पल लागली तरी कळत नाही आणि जखम लवकर भरत नाही. संसर्ग हाडापर्यंत गेला तर बोट किंवा पाय कापण्याची वेळ येऊ शकते.

सल्ल्यात चूक कुठे असते?

सल्ला खोटाच असतो असे नाही. तो कोणासाठी आहे, हे सांगितलेले नसते. ‘गरम पाण्यात पाय बुडवा’ हा त्याचाच नमुना. पाणी जास्त गरम असेल तर एरवी माणूस पाय चटकन मागे घेतो. संवेदना गेलेला पाय तसाच राहतो आणि फोड आल्यावर भाजल्याचे लक्षात येते. भोवरीवर लावायच्या पट्टीत बहुधा सॅलिसिलिक अॅसिड असते. ते कातडी झिजवते आणि मधुमेहींना त्यातून जखम होऊ शकते. म्हणूनच मधुमेही पायाविषयीच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांमध्ये अशा पट्ट्या टाळाव्यात, पाय भिजवत ठेवू नयेत आणि घरातही अनवाणी चालू नये, असे म्हटले आहे.

माहितीचा दर्जा कसा मोजतात?

ब्रिटनमध्ये तयार झालेली ‘डिसर्न’ ही १६ प्रश्नांची पद्धत त्यासाठी वापरली जाते. माहितीचा आधार काय, ती कधीची आहे, उपचारांचे धोके सांगितले आहेत का, अशा प्रश्नांना १ ते ५ गुण दिले जातात. आरोग्य संकेतस्थळांना विश्वासाचे चिन्ह देणारी जिनिव्हातील ‘हेल्थ ऑन द नेट’ ही संस्था मात्र २०२२ अखेर बंद झाली. शिवाय अशा पद्धती मजकूर तपासतात. वाचणाऱ्याचा पाय कसा आहे, हे त्यांना कळत नाही.

कायदा काय सांगतो?

मधुमेह बरा करण्याचा दावा करणाऱ्या जाहिरातींना १९५४ च्या औषधे आणि चमत्कारिक उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याने मनाई आहे. आरोग्यतज्ज्ञ म्हणून सल्ला देणाऱ्या इन्फ्लुएन्सरनी आपली पात्रता सांगावी, असे केंद्राच्या ऑगस्ट २०२३ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात. पण नातेवाइकांच्या ग्रुपवर फिरणारा घरगुती उपाय या चौकटीत क्वचितच सापडतो.

वाचकांनी काय पाहावे?

सल्ला देणारा कोण, तारीख कोणती, खाली काही विकायला ठेवले आहे का, हे आधी पाहावे. मधुमेहींसाठी वेगळी सूचना आणि डॉक्टरांकडे कधी जावे याचा उल्लेख नसेल, तर तो उपाय मधुमेहींनी करू नये. दहा ग्रॅम दाबाच्या बारीक तंतूने पायाची संवेदना तपासता येते. ही तपासणी काही मिनिटांची असते आणि ती वर्षातून किमान एकदा करून घ्यावी. पायाला जखम, काळेपणा, लालसर सूज किंवा पू दिसला तर मोबाइलवर उपाय शोधत बसू नये. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. दुखत नाही म्हणून थांबणे सर्वांत धोक्याचे, कारण मधुमेहात न दुखणे हेच आजाराचे लक्षण असू शकते.