सेवेमुळे नव्हे, म्हणे!

फौजेतून बाहेर पडणाऱ्या जवानास अखेरच्या वैद्यकीय मंडळापुढे उभे राहावे लागते. त्यास काही व्याधी जडलेली असेल, तर मंडळाने दोन प्रश्नांची उत्तरे लिहावयाची असतात. ही व्याधी लष्करी सेवेमुळे उद्भवली काय, आणि तशी नसल्यास सेवेमुळे बळावली काय? दोन्हींची उत्तरे नकारार्थी आली की त्या शेऱ्यास इंग्रजी आद्याक्षरांवरून फौजेत ‘नाना’ म्हणतात. मराठी कानाला हा शब्द घरातील वडीलधाऱ्याची आठवण करून देतो. परंतु हा नाना कागदावर आला की जवानाचे अपंगत्व निवृत्तिवेतन हातचे जाते.

अपंगत्व निवृत्तिवेतनाच्या अटी वरकरणी साध्या आहेत. व्याधीचा संबंध सेवेशी असला पाहिजे आणि अपंगत्व वीस टक्के वा अधिक असले पाहिजे. २००६ पासूनच्या हिशेबाने शंभर टक्के अपंगत्वास अखेरच्या वेतनाच्या तीस टक्के रक्कम मिळते, अपंगत्व कमी असल्यास त्या प्रमाणात कमी. म्हणजे चाळीस हजार रुपये वेतन असलेल्या जवानास वीस टक्के अपंगत्वापोटी महिना २,४०० रुपये. पन्नास टक्क्यांहून कमी अपंगत्व पन्नास धरावे, हा सवलतीचा नियम लागू झाला तर ६,०००. एवढ्या रकमेसाठी माणसाच्या उमेदीची वर्षे न्यायालयाच्या पायऱ्यांवर जातात.

गोळी लागून पाय गेलेल्या जवानाविषयी सहसा वाद होत नाही. वाद होतो तो रक्तदाब, मधुमेह, हृदयविकार, अपस्मार आणि मनोविकार यांच्याविषयी. मंडळ अशी व्याधी ‘प्रकृतिजन्य’ ठरवते, क्वचित घराण्यातील दोष म्हणते आणि मोकळे होते. भरतीच्या वेळी याच फौजेच्या डॉक्टरांनी याच तरुणास डोक्यापासून पायापर्यंत तपासून निरोगी ठरविलेले असते. त्याच्या प्रकृतीत दडलेला दोष तेव्हा कोणालाच दिसला नाही. तो दिसला पैसे देण्याची वेळ आल्यावर!

गंमत अशी की १९८२ च्या नियमांनी या प्रश्नाचे उत्तर जवानाच्या बाजूने देऊन ठेवले होते. प्रवेशाच्या वेळी कोणत्याही व्याधीची नोंद नसेल, तर तो निरोगी होता असे गृहीत धरावे. पुढे वैद्यकीय कारणाने त्यास सेवेतून काढले, तर प्रकृतीतील बिघाड सेवेमुळे झाला असे मानावे. पुराव्याचा भार त्याच्यावर टाकू नये. आणि संशयाचा फायदा त्याला द्यावा. नियम उदार होता, अंमल मात्र कंजूष. सिग्नल कोअरमध्ये १९८५ साली दाखल झालेल्या धरमवीर सिंह या जवानास अपस्माराचे कारण देऊन १९९४ साली सेवेबाहेर काढण्यात आले. अपंगत्व वीस टक्के, शेरा नेहमीचाच. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल त्याच्या बाजूने लागला तो २०१३ च्या जुलैमध्ये. न्यायालयाने नवे काही सांगितले नाही. नियमांत लिहिले आहे ते वाचा, आणि व्याधीचा सेवेशी संबंध नाही असे म्हणावयाचे असेल तर मंडळाने कारणे द्यावीत, एवढेच सांगितले. २०१४ च्या डिसेंबरमध्ये राम अवतार प्रकरणात टक्केवारी वाढवून धरण्याची सवलत सेवाकाल पुरा करून निवृत्त झालेल्यांनाही लागू ठरली.

तरीही शासनाची अपिले थांबली नाहीत. न्यायाधिकरणात जवान जिंकतो आणि त्याच्याच करातून पगार घेणारे वकील त्याच्याविरुद्ध वरच्या न्यायालयात उभे राहतात. मनोहर पर्रीकर संरक्षणमंत्री असताना, २०१५ साली, खटलेबाजी कमी करण्याकरिता नेमलेल्या तज्ज्ञ समितीनेही या प्रवृत्तीवर बोट ठेवले होते.

दुसरी बाजू झाकून ठेवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. अपंगत्व निवृत्तिवेतन घेऊन निवृत्त होणाऱ्यांचे प्रमाण अधिकाऱ्यांमध्ये जवानांच्या दुपटीहून अधिक आहे, हे महालेखापालांच्या २०२३ च्या अहवालातून पुढे आले. कष्ट आणि धोका ज्यांच्या वाट्याला अधिक, त्यांच्यात व्याधी कमी कशी? ज्याला कायदा समजतो आणि फाईल कोठे अडते हे ठाऊक असते, त्याला हक्क मिळतो. कधी हक्काहून अधिकही मिळते. ही वर्गभेदाचीच खूण होय. याचा इलाज जवानाला कागदोपत्री समर्थ करणे हा होता. सप्टेंबर २०२३ मध्ये शासनाने आणलेल्या नव्या नियमांचा रोख मात्र सर्वांसाठीच निकष आवळण्याकडे आहे. सेवेत राहून अपंगत्व घेऊन निवृत्त होणाऱ्यांच्या रकमेचे नावही बदलून ती ‘साहाय्य’ ठरली. भरलेल्या विहिरीतून दोघे पाणी भरत असताना एक हंडा मोठा आहे म्हणून दोरच आखूड करण्यातला हा प्रकार.

याहून गंभीर अवस्था २०२२ पासून भरती होत असलेल्या अग्निवीरांची आहे. त्यांच्या अपंगत्वाचा संबंध सेवेशी जोडला गेला, तर टक्केवारीनुसार पंधरा, पंचवीस वा चव्वेचाळीस लाखांची एकरकमी मदत आहे. आजीवन निवृत्तिवेतन नाही. आणि संबंध जोडणारे मंडळ तेच. विशीतील मुलास जडलेला अपस्मार साठीपर्यंत त्याच्याबरोबर असतो, तोवर मदतीची रक्कम कोठल्या कोठे गेलेली असते. लष्करातील पहिल्या तुकडीचे प्रशिक्षण २०२३ च्या प्रारंभी सुरू झाले.

सातारा जिल्ह्यातील आपशिंग्यासारखे गाव तर ‘मिलिटरी’ या नावानेच ओळखले जाते, आणि माण-खटावच्या कोरडवाहू पट्ट्यात फौज हीच कित्येक घरांची दुसरी शेती आहे. तेथील कार्यकर्त्यांना या प्रश्नावर मोर्चा काढण्याआधी एक साधे काम करता येईल. निवृत्त जवानाच्या ट्रंकेतील वैद्यकीय मंडळाचा कागद त्याच्याबरोबर बसून वाचावा. कागद नसेल तर माहितीच्या अधिकारात मागवावा. ‘नाही’ या शेऱ्याखाली कारण लिहिले आहे की नुसतीच सही आहे, हे पाहावे. मग जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय, तेथून अपील, आणि तेथेही नकार आला तर मुंबईचे सशस्त्र दल न्यायाधिकरण.