घरचे ते फुकट नव्हे

कापूस विकला, कृषी सेवा केंद्राची उधारी फेडली, सोसायटीचा हप्ता भरला, निंदणाच्या बाया आणि वेचणीचे पैसे दिले आणि हातात चार नोटा उरल्या, की आपण म्हणतो, "यंदा बरे निघाले." उरल्या नाहीत तर म्हणतो, "यंदा बुडालो." हा हिशेब खिशाचा झाला, शेतीचा नव्हे. खिशातून गेले तेवढे त्यात दिसते. जे झिजले आणि घरच्यांनी राबून जे घातले, ते दिसत नाही.

जिनिंगवाल्याचे पाहा. क्विंटलभर कापसातून साधारण ३४ किलो रुई निघते, बाकीची सरकी आणि थोडी घट. रुईचा भाव, सरकीचा भाव, वीज, मजुरी, यंत्राची झीज, बँकेचे व्याज आणि स्वतःचा नफा एवढे सगळे मांडून तो सकाळी आपल्या कापसाचा भाव बोलतो. "यंत्र घरचेच आहे, त्याचे काय धरायचे?" असे म्हणणारा जिनिंगवाला अजून जन्मायचा आहे. आपण मात्र बैल घरचे, शेणखत घरचे, बायकापोरे घरची, वावर बापाचे म्हणून सगळे फुकट धरतो. मग भाव मागायची वेळ आली की तोंडातून आकडा निघत नाही.

एक एकर कोरडवाहू कपाशीचा हिशेब उदाहरणादाखल मांडू. आकडे तुमच्या गावाप्रमाणे बदलून घ्या, मांडणी बदलू नका.

रोखीचा खर्च : बियाणे १,८०० रुपये, खते ४,०००, फवारणीची औषधे ३,२००, निंदण आणि इतर मजुरी ६,५००. एकूण १५,५००.

घरचा खर्च : कडबा आणि शेणखत बाजारभावाने २,०००, बैल आणि औजारांची झीज २,५००, घरच्यांची मजुरी ४,०००, गावच्या दराने जमिनीचा मक्ता ५,०००. एकूण १३,५००.

दोन्ही मिळून २९,०००. व्याज सोपेपणासाठी सोडले आहे, तुम्ही ते जरूर धरा. हा खर्च बोंड फुटण्याआधीचा आहे. पीक दोन क्विंटल येवो की आठ, तो बदलत नाही. पिकाप्रमाणे वाढतो तो वेचणीचा आणि वाहतुकीचा खर्च. वेचणी किलोला १० रुपये धरली तर क्विंटलला १,००० आणि गाडीभाडे, हमाली २००. भाव ७,००० मिळाला, तर क्विंटलमागे हातात राहतात ५,८००. आता २९,००० ला ५,८०० ने भागा. उत्तर ५ क्विंटल. म्हणजे जवळपास एक गाठ रुई होईल एवढा कापूस नुसता खर्च भागवायला जातो.

पण रोखीचे १५,५०० तर पावणेतीन क्विंटललाच भागतात! फसगत होते ती इथेच. पावणेतीन ते पाच क्विंटलच्या मधे ज्याचे पीक येते, त्याच्या हातात नोटा दिसतात. प्रत्यक्षात तो बैल खात असतो, वावर खात असतो आणि घरच्या लक्ष्मीची मजुरी खात असतो. बैल म्हातारा होऊन खाली बसतो, नवी जोडी घ्यायला कर्ज काढावे लागते, तेव्हा तो म्हणतो, "नशीब फिरले." नशीब फिरलेले नसते. आठ वर्षांचा न मांडलेला खर्च एका दिवशी दारात उभा राहिलेला असतो.

बैलाचाच हिशेब घ्या. ९०,००० ची जोडी आठ वर्षे चालली आणि शेवटी ३०,००० ला विकली, तर वर्षाची झीज ७,५००. पाच एकरांवर वाटली तर एकरी १,५००. महाराष्ट्रात २०१५ साली बैलांच्या कत्तलीवर कायद्याने बंदी आली आणि म्हाताऱ्या बैलाचे गिऱ्हाईक गेले. शेवटची किंमत शून्य धरली की झीज वर्षाला ११,२५० आणि एकरी २,२५० होते. कायदा मुंबईत झाला, खर्च पऱ्हाटीवर चढला. वही नसेल तर हे कोणाला दाखवणार?

ज्वारीवरही असाच अन्याय होतो. ज्वारी परवडत नाही म्हणताना आपण फक्त धान्य मोजतो. कडबा आपल्याच बैलांनी खाल्ला म्हणून तो ज्वारीच्या उत्पन्नात धरत नाही आणि कपाशीच्या खर्चातही धरत नाही. तो बाजारभावाने दोन्हीकडे लिहा. मग कोणते पीक कोणाला पोसते ते दिसेल.

आता सरकारचा हिशेब. २०२५-२६ च्या हंगामासाठी मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव ७,७१० रुपये आणि संकरित ज्वारीचा ३,६९९ रुपये ठरला. त्यासाठी उत्पादनखर्च धरला अनुक्रमे ५,१४० आणि २,४६६ रुपये. दीडपट बरोबर जुळते. पण हा खर्च "ए-२ अधिक एफएल" आहे. त्यात रोखीचा खर्च, झीज आणि घरची मजुरी येते. स्वतःच्या जमिनीचा मक्ता आणि स्वतःच्या भांडवलावरचे व्याज येत नाही. ते "सी-२" मध्ये येते. वरच्या उदाहरणात मक्त्याचे ५,००० सोडले, की पाच क्विंटलच्या पिकावर क्विंटलमागे १,००० चा खर्च गायब होतो आणि दीडपट करताना भाव १,५०० ने खाली येतो. एका अक्षराची किंमत एवढी आहे.

दुसरी गोम सरासरीची. हमीभाव सगळ्या देशाला एक. ओलिताच्या शेताचा आणि आपल्या बरडाचा एकरी खर्च एकाच सरासरीत जातो. आपल्या २९,००० च्या एकरात आठ क्विंटल आले तर वेचणीसह क्विंटलचा खर्च ४,८२५ पडतो, तीनच आले तर १०,८६७. शेतकरी तोच, कष्ट तेच. फरक फक्त पावसाचा.

मात्र एक भेद नीट लक्षात ठेवावा. भाव मागताना सगळा खर्च मोजायचा, पण हंगामात निर्णय घेताना फक्त पुढचा खर्च मोजायचा. "एवढे घातले, आता अजून एक फवारणी मारूच" हा विचार घरे बुडवतो. जमिनीत गेलेला पैसा गेला. प्रश्न एवढाच, की या फवारणीला किती लागतील आणि ती किती वाचवील? गुलाबी बोंडअळीसाठी कामगंध सापळ्यात सलग तीन रात्री रोज आठ पतंग सापडले, किंवा दहा टक्के हिरवी बोंडे किडकी निघाली, तर फवारा. त्याआधी मारलेले औषध दुकानदाराचे पीक वाढवते.

फरदडीचेही तसेच. उरलेल्या क्विंटलभर कवडी कापसाला ५,५०० मिळाले आणि वेचणी, भाडे मिळून १,७०० गेले, तर ३,८०० सुटल्यासारखे वाटतात. पण त्या पऱ्हाटीवर अळी तग धरते आणि पुढच्या वर्षी आपल्या आणि शेजाऱ्याच्याही वावरात फवारण्या वाढवते. २०१७ साली विदर्भ-मराठवाड्याने ती किंमत मोजली आहे.

म्हणून कास्तकार भावांनो आणि मायबहिणींनो, एक वही करा. प्रत्येक वावराला वेगळे पान. तारीख, काम, रोखीचे किती, घरचे किती, एवढे चार रकाने पुरेत. घरात शाळेत जाणारी पोर असेल तर तिच्याकडे वही द्या, ती चुकणार नाही. एका वर्षाचा पाऊस फसवतो, म्हणून वही पाच वर्षे चालवा.

आयोगाचे आकडे कृषी विद्यापीठांमार्फत नमुन्यातल्या शेतकऱ्यांकडून गोळा होतात. त्या आकड्यांना घोषणेने उत्तर देता येत नाही, आकड्यांनीच द्यावे लागते. पुढच्या जिल्हा बैठकीला येताना प्रत्येक तालुक्यातून वीस वह्या आल्या पाहिजेत. ज्याला आपला खर्च सांगता येत नाही, त्याचा भाव दुसराच कोणी ठरवतो.