कहाणीआधी गाणं



आपल्यासारख्या अंकांत एखाद्या गायिकेवर लेख येतो, तेव्हा गाणं अर्ध्या ओळीत उरकतं आणि तिचं सोसणं चार पानं चालतं. कलावंतिणींच्या घरांतून आलेल्या बायकांना समाजाने कसं वागवलं, हे सांगायलाच हवं. पण तेवढंच सांगून थांबलो की तिची पुन्हा 'बिचारी' होते. म्हणून या वेळी मी सूरश्री केसरबाई केरकरांच्या एका ध्वनिमुद्रिकेबद्दल लिहिते आहे.

भैरवीतली 'जात कहाँ हो'. अवघी साडेतीन मिनिटं. जुन्या तबकडीच्या एका बाजूवर तेवढंच मावे. मैफलीत राग सावकाश उलगडणारी ही बाई इथे घाई करत नाही, हे पहिलं आश्चर्य. आवाज खुला, आकार गोल. वर जाताना तो बारीक होत नाही, खाली येताना दबत नाही. श्वास कुठे घेतला ते शोधावं लागतं. तान लांबत जाते, आता ही समेला चुकणार असं वाटतं, आणि ती अलगद समेवर येते. शब्द थोडे, पण सूर आणि लय एकमेकींत अशा विणलेल्या की वेगळ्या काढता येत नाहीत.

1977 साली अमेरिकेच्या व्हॉयेजर यानांवर जी सोनेरी तबकडी गेली, तिच्यात हे गाणं आहे. त्याच तबकडीवर लुई आर्मस्ट्राँगचं जाझही आहे. त्या वादकांनाही तीन मिनिटांतच ऐन वेळी सुचलेलं सगळं मांडावं लागे. दोन्ही एकापाठोपाठ ऐकून पाहा. लोक मात्र यानाचंच कौतुक सांगतात.

हे आलं कुठून? 'दैवी देणगी' म्हणणं मला पटत नाही. 1892 साली गोव्यातल्या केरी गावी जन्म. आठव्या वर्षी कोल्हापुरात अब्दुल करीम खाँसाहेबांकडे शिक्षण, पुढे वझेबुवांकडे. आणि 1921 साली, तिशीच्या उंबरठ्यावर, त्या अल्लादिया खाँसाहेबांच्या शिष्या झाल्या. ते शिक्षण 1946 साली खाँसाहेब जाईपर्यंत चाललं. पंचवीस वर्षं! आपण याला मेहनत म्हणत नाही, कारण ती शेतात दिसत नाही.

सेनगावात बचतगटाची बैठक संपल्यावर मी हे गाणं मोबाइलवर लावलं. बायका सोयाबीनच्या काढणीवरून थकून आलेल्या. एकीने लगेच विचारलं, "ताई, लेकरंबाळं होती का हिला?" जात्यावरच्या ओव्या म्हणणारी एक आजी तिच्यावर खेकसली, "थांब की माय, दम बघ तिचा!" रागाचं नाव तिला ठाऊक नव्हतं, नेमकं ऐकायचं काय, ते ठाऊक होतं.

समाजकार्याच्या अभ्यासात आम्हाला केस लिहायला शिकवतात. वय, लग्न, मुलं, जमीन, मारहाण. सगळे रकाने गरजेचे आहेत, पण 'हिला काय उत्तम येतं' हा रकाना मी कुठल्याच फॉर्मवर पाहिलेला नाही. पुढच्या अंकासाठी आपापल्या गावातल्या गाणाऱ्या बाईवर लिहून पाठवा. ती कोणाची कोण, हे शेवटी लिहा. आधी लिहा, तिचा आवाज कुठवर चढतो, दम किती टिकतो, आणि ओवी ती कुठल्या अक्षरावर सोडते.